क्वार्टरबॅकचे मूल्यमापन

क्वार्टरबॅकचे मूल्यमापन म्हणजे अमेरिकन फुटबॉल या खेळात क्वार्टरबॅक या स्थानावर खेळणाऱ्या खेळाडूच्या कामगिरीचे आकड्यांच्या, चित्रफितींच्या व प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे केले जाणारे परीक्षण होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यावसायिक आणि महाविद्यालयीन अशा दोन्ही स्तरांवर हंगाम चालू असताना हे परीक्षण दर आठवड्याला होते. खेळाडूंची निवड, त्यांचे वेतन, संघांची क्रमवारी आणि काही प्रसंगी अजिंक्यपदाच्या स्पर्धेतील प्रवेशदेखील या परीक्षणावर अवलंबून असतो.

भारतात ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्याहून हा खेळ वेगळा आहे. त्यात चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो मुख्यतः हातांनी फेकला वा वाहून नेला जातो. क्वार्टरबॅकच्या कामगिरीचे मोजमाप करण्याची पद्धत गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली. अकरा जणांच्या एकत्रित कामातून एका माणसाचा वाटा वेगळा कसा काढावा, हा त्यातील मूळ प्रश्न मात्र कायम राहिला आहे.

क्वार्टरबॅकचे काम

मैदानाची लांबी दोन गोलरेषांच्या दरम्यान १०० यार्ड असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. चार प्रयत्नांत १० यार्ड पूर्ण झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न झाल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. व्यवहारात बहुतेक संघ तिसऱ्या प्रयत्नात अपयश आले की चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने दूर मारून देतात किंवा गोलखांबांमधून मारून तीन गुण मिळवू पाहतात. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेल्यास टचडाऊन होतो व त्याचे सहा गुण मिळतात.

प्रत्येक खेळीच्या आरंभी ‘सेंटर’ हा खेळाडू चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकला निर्णय घ्यावा लागतो. चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यायचा, पुढे धावत गेलेल्या ‘रिसीव्हर’कडे फेकायचा, स्वतः घेऊन पळायचे, की धोका टाळण्यासाठी तो मैदानाबाहेर भिरकावायचा, हे त्याने ठरवायचे असते. त्याच वेळी समोरच्या संघाचे दांडगे खेळाडू त्याला पाडण्यासाठी धावून येत असतात. त्यांना अडवण्याचे काम त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच लाइनमनांचे असते.

पास प्रतिपक्षाने पकडला तर त्यास ‘इंटरसेप्शन’ म्हणतात. पास फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला मागच्या मागे पाडले गेले तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. त्याच्या हातून चेंडू निसटल्यास तो ‘फंबल’ ठरतो.

आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून जात असल्यामुळे यशाचे श्रेय आणि अपयशाचा दोष प्रथम त्याच्याकडेच जातो. परंतु पास पूर्ण होण्यासाठी लाइनमनांनी वेळ मिळवून द्यावा लागतो, रिसीव्हरने ठरलेल्या मार्गाने धावून चेंडू झेलावा लागतो आणि प्रशिक्षकाने योग्य खेळी निवडावी लागते. मूल्यमापनातील बहुतेक मतभेद येथूनच सुरू होतात.

साप्ताहिक चक्र

नॅशनल फुटबॉल लीग (संक्षेपाने एनएफएल) या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. बहुतेक सामने रविवारी होतात. काही सामने गुरुवारी व सोमवारी रात्री खेळवले जातात. महाविद्यालयीन सामने प्रामुख्याने शनिवारी होतात आणि तेथे नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारणपणे १२ सामने खेळतो. संघ आठवड्यातून एकदाच मैदानात उतरत असल्याने उरलेले दिवस झालेल्या सामन्याच्या चिकित्सेत आणि पुढच्या सामन्याच्या तयारीत जातात.

व्यावसायिक संघात रविवारच्या सामन्याची चित्रफीत सोमवारी पाहिली जाते. मैदानातील सर्व २२ खेळाडू एकाच वेळी दिसतील अशा उंचीवरून हे चित्रीकरण केलेले असते. बुधवारपासून पुढील प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या योजनेचा सराव सुरू होतो. त्याच काळात दुखापतग्रस्त खेळाडूंच्या याद्या जाहीर केल्या जातात. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व आकडेवारी पुरवणाऱ्या संस्था प्रत्येक क्वार्टरबॅकच्या कामगिरीचा आढावा घेतात. सामना संपल्यावर, परिणाम ठाऊक असताना क्वार्टरबॅकच्या चुका दाखवणाऱ्याला अमेरिकेत ‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक’ म्हणतात. हा शब्दप्रयोग आता खेळाबाहेरही रूढ झाला आहे.

महाविद्यालयीन स्तरावर संघांची साप्ताहिक क्रमवारी हा स्वतंत्र विषय आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची, क्रीडा पत्रकारांच्या मतांवर आधारलेली क्रमवारी १९३६ पासून नियमितपणे प्रसिद्ध होत आहे. प्रशिक्षकांच्या मतांवर आधारलेली क्रमवारी १९५० मध्ये सुरू झाली. सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ असून त्यांपैकी प्रत्येक संघाची गाठ जेमतेम डझनभर संघांशी पडते. त्यामुळे कोण श्रेष्ठ हे केवळ जय-पराजयांवरून ठरवता येत नाही आणि मतांना महत्त्व प्राप्त होते.

पासर रेटिंग

क्वार्टरबॅकच्या कामगिरीचे सर्वांत परिचित माप म्हणजे ‘पासर रेटिंग’. ते निश्चित होण्यापूर्वी एनएफएलमधील अग्रगण्य पासर ठरवण्याचे निकष वारंवार बदलत असत. कधी एकूण यार्ड मोजले जात, कधी पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण पाहिले जाई, तर कधी वेगवेगळ्या प्रकारांतील क्रमांकांची बेरीज केली जाई. क्रमांकांच्या पद्धतीत एका खेळाडूचे स्थान इतर खेळाडूंच्या कामगिरीमुळे बदले. शिवाय एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येत नसे.

लीगचे तत्कालीन आयुक्त पीट रोझेल यांच्या सूचनेवरून एक समिती नेमण्यात आली. तिचे नेतृत्व प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संस्थेतील डॉन स्मिथ यांच्याकडे होते. समितीने तयार केलेले सूत्र १९७३ मध्ये स्वीकारण्यात आले. त्यात चार घटक आहेत :

अ = (पूर्ण पास ÷ एकूण पास − ०.३) × ५
आ = (मिळवलेले यार्ड ÷ एकूण पास − ३) × ०.२५
इ = (टचडाऊन पास ÷ एकूण पास) × २०
ई = २.३७५ − (इंटरसेप्शन ÷ एकूण पास × २५)

प्रत्येक घटकाची किंमत शून्यापेक्षा कमी किंवा २.३७५ पेक्षा जास्त धरली जात नाही. चारही घटकांच्या बेरजेला ६ ने भागून १०० ने गुणले की रेटिंग मिळते. कमाल रेटिंग १५८.३ येते. १०० पैकी गुण पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला ही संख्या चमत्कारिक वाटते. परंतु ती सूत्राच्या रचनेतून आलेली आहे. समितीने १९६०च्या दशकातील आकडे समोर ठेवून सरासरी कामगिरीला प्रत्येक घटकात १ ही किंमत मिळेल अशी योजना केली होती. पन्नास टक्के पूर्ण पास, प्रत्येक पासमागे ७ यार्ड, पाच टक्के टचडाऊन व साडेपाच टक्के इंटरसेप्शन ही ती सरासरी. अशा कामगिरीचे रेटिंग ६६.७ येते.

उदाहरणादाखल, एका क्वार्टरबॅकने ३० पास फेकले, त्यांपैकी २० पूर्ण झाले, २४० यार्ड मिळाले, २ टचडाऊन झाले व १ पास प्रतिपक्षाने पकडला, असे समजू. तेव्हा अ = १.८३३, आ = १.२५०, इ = १.३३३ आणि ई = १.५४२ येतात. त्यांची बेरीज ५.९५८ असून रेटिंग ९९.३ ठरते.

कमाल मर्यादेचा परिणाम जानेवारी १९८७ मधील २१व्या सुपर बोल सामन्यात दिसतो. न्यू यॉर्क जायंट्सच्या फिल सिम्स यांनी २५ पैकी २२ पास पूर्ण करून २६८ यार्ड व ३ टचडाऊन मिळवले. पूर्ण पासांचे प्रमाण ८८ टक्के होते. मात्र सूत्रात ७७.५ टक्क्यांपुढील यशाला अधिक गुण नसल्यामुळे त्यांचे रेटिंग १५०.९ झाले.

महाविद्यालयीन सूत्र

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७९ मध्ये वेगळे सूत्र स्वीकारले. त्यात यार्डांना ८.४ ने, टचडाऊनना ३३० ने व पूर्ण पासांना १०० ने गुणून बेरीज करतात, तिच्यातून इंटरसेप्शनची २०० पट वजा करतात आणि एकूण पासांनी भागतात. वरील उदाहरणातील कामगिरीचे रेटिंग या सूत्राने १४९.२ येते. या सूत्राला व्यावसायिक सूत्रासारखी मर्यादा नाही. त्यामुळे दोन्ही स्तरांवरील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते. महाविद्यालयातील १४९ हे व्यावसायिक लीगमधील ९९ पेक्षा श्रेष्ठ नसून तीच कामगिरी दोन वेगळ्या मापांनी मोजलेली असू शकते.

पासर रेटिंगच्या मर्यादा

पासर रेटिंग फक्त फेकलेल्या पासांचे मोजमाप करते. सॅक, फंबल आणि क्वार्टरबॅकने स्वतः धावून मिळवलेले यार्ड त्यात येत नाहीत. खेळीच्या प्रसंगाचाही विचार होत नाही. तिसऱ्या प्रयत्नात १२ यार्ड हवे असताना ८ यार्डांचा पास पूर्ण केला, तर रेटिंग वाढते. पण संघाच्या हातचा चेंडू बहुधा जातो. क्रिकेटमध्ये अखेरच्या षटकात १२ धावा हव्या असताना काढलेल्या आठ धावा फलंदाजाच्या सरासरीत भर घालतात, तसाच हा प्रकार आहे.

सूत्रातील विसंगतीचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. एखाद्या क्वार्टरबॅकने प्रत्येक पास जमिनीवर आपटला, तर पहिले तीन घटक शून्य येतात. मात्र एकही इंटरसेप्शन नसल्याने चौथ्या घटकाची पूर्ण किंमत मिळते आणि रेटिंग ३९.६ होते. काही पास पूर्ण करून दोन-तीन इंटरसेप्शन देणाऱ्या खेळाडूचे रेटिंग याहून कमी येऊ शकते.

श्रेयाची वाटणी हीदेखील अडचण आहे. क्वार्टरबॅकने दोन यार्डांवर दिलेला पास झेलून रिसीव्हर ८० यार्ड धावला, तरी सर्व यार्ड क्वार्टरबॅकच्या नावे लागतात. उलट रिसीव्हरच्या हातांवर आदळून उडालेला चेंडू प्रतिपक्षाने पकडला, तर इंटरसेप्शनही क्वार्टरबॅकच्याच नावे नोंदवले जाते.

काळाचा परिणामही विचारात घ्यावा लागतो. १९७८ मध्ये नियम बदलून रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्का देण्यास मनाई करण्यात आली व लाइनमनांना हात पुढे करून अडवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर पास पूर्ण करणे उत्तरोत्तर सोपे होत गेले. सूत्र तयार झाले तेव्हा सरासरी रेटिंग ६६.७ च्या आसपास होते. अलीकडच्या हंगामांत ते ९० च्या आसपास असते. श्रेष्ठ क्वार्टरबॅकांत गणले जाणारे जॉनी युनायटस यांचे कारकिर्दीचे रेटिंग ७८.२ आहे. ॲरन रॉजर्स यांनी २०११ च्या हंगामात १२२.५ रेटिंग मिळवले. या दोन आकड्यांतील अंतराचा बराचसा भाग दोन काळांतील नियमांच्या व डावपेचांच्या फरकातून आला आहे.

अपेक्षित गुण

खेळीच्या प्रसंगाचा विचार करणाऱ्या पद्धतीचा पाया एका क्वार्टरबॅकनेच घातला. सिनसिनाटी बेंगल्स संघाचे व्हर्जिल कार्टर हे खेळत असतानाच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेत होते. तेथील प्राध्यापक रॉबर्ट मॅकोल यांच्यासह त्यांनी १९६९ च्या हंगामातील खेळ्यांचा अभ्यास केला. मैदानातील प्रत्येक ठिकाणी पहिला डाऊन असणाऱ्या संघाला सरासरीने किती गुणांचा लाभ होतो, हे त्यांनी काढले. त्यांचा निबंध १९७१ मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःच्या गोलरेषेला अगदी लागून चेंडू हाती असणे हे लाभाचे नसून तोट्याचे आहे, असा एक निष्कर्ष त्यातून निघाला. कारण अशा स्थितीत पुढचे गुण प्रतिपक्षाला मिळण्याची शक्यता जास्त असते.

१९८८ मध्ये बॉब कॅरल, पीट पामर व जॉन थॉर्न यांनी ‘द हिडन गेम ऑफ फुटबॉल’ या ग्रंथात हा विचार पुढे नेला. आज या पद्धतीला ‘अपेक्षित गुणांतील वाढ’ असे म्हणता येईल. खेळीपूर्वीच्या स्थितीची किंमत १ गुण आणि खेळीनंतरच्या स्थितीची किंमत २.५ गुण असेल, तर त्या खेळीने १.५ गुणांची भर घातली असे धरतात. तिसऱ्या प्रयत्नात ५ यार्ड हवे असताना मिळालेले ८ यार्ड आणि १२ यार्ड हवे असताना मिळालेले ८ यार्ड यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिल्या खेळीची किंमत धन येते, दुसरीची बहुधा ऋण.

२०११ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीने ‘टोटल क्यूबीआर’ हे माप प्रचारात आणले. ते ० ते १०० या पट्टीवर असून ५० ही सरासरी समजली जाते. त्यात धावणे, सॅक व फंबल यांचा समावेश आहे आणि खेळीचे श्रेय क्वार्टरबॅक व त्याचे सहकारी यांच्यात वाटण्याचा प्रयत्न केला जातो. मात्र ही वाटणी कशी करावी याबद्दल एकमत नाही आणि संपूर्ण गणित जाहीर नसल्याने सामान्य वाचकाला ते पडताळता येत नाही. पासर रेटिंग कोणीही कागद-पेन्सिल घेऊन काढू शकतो, हा त्या जुन्या सूत्राचा गुण आजही कायम आहे.

चित्रफीत आणि संवेदक

आकड्यांना पूरक म्हणून चित्रफितीचे परीक्षण केले जाते. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था प्रत्येक खेळीतील प्रत्येक खेळाडूला −२ ते +२ या दरम्यान, अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी गुण देते. या पद्धतीत अचूक फेकलेला पण रिसीव्हरने सोडलेला पास क्वार्टरबॅकच्या बाजूने मोजला जातो. तसेच प्रतिपक्षाच्या हातात जाता जाता वाचलेला पास त्याच्या विरुद्ध धरला जातो. परिणामाऐवजी निर्णय व कौशल्य पाहण्याचा हा मार्ग आहे. परंतु कोणत्या रिसीव्हरने कोठे असावे असे ठरले होते, हे बाहेरच्या परीक्षकाला निश्चित ठाऊक नसते. मार्ग चुकला तो रिसीव्हर की क्वार्टरबॅक, याचा त्याला अंदाजच करावा लागतो.

२०१०च्या दशकाच्या मध्यापासून एनएफएलच्या खेळाडूंच्या खांद्यांवरील संरक्षक पट्ट्यांत लहान संवेदक बसवले जातात. त्यांच्यामुळे प्रत्येक खेळाडूचे मैदानातील स्थान सेकंदाला दहा वेळा नोंदले जाते. पास फेकताना रिसीव्हरपासून बचावपटू किती अंतरावर होता, चेंडू किती लांब फेकला गेला व क्वार्टरबॅकवर किती दडपण होते, यांवरून तो पास पूर्ण होण्याची शक्यता काढता येते. अपेक्षेपेक्षा किती जास्त पास पूर्ण झाले, हे माप त्यातून मिळते. सोपे पास फेकून प्रमाण वाढवणारा आणि अवघड पास साधणारा खेळाडू यांच्यातील फरक त्यामुळे कळू लागला.

अल्प नोंदींचा प्रश्न

क्वार्टरबॅक एका सामन्यात साधारणपणे तीस ते पस्तीस पास फेकतो. इतक्या थोड्या नोंदींवरून काढलेल्या साप्ताहिक निष्कर्षांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. १ जानेवारी २०१२ रोजी ग्रीन बे पॅकर्सचे राखीव क्वार्टरबॅक मॅट फ्लिन यांनी डेट्रॉइट लायन्सविरुद्ध ४८० यार्ड व ६ टचडाऊन पास अशी कामगिरी केली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत सिअ‍ॅटल सीहॉक्सने त्यांना करारबद्ध केले. परंतु त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत, एकूण ७५व्या क्रमांकावर निवडलेल्या रसेल विल्सन या नवोदिताने सराव सामन्यांच्या काळात ते स्थान मिळवले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सीहॉक्सला सुपर बोल जिंकून दिला.

संपूर्ण हंगामाचे आकडेही पुरेसे ठरतात असे नाही. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, पेटन मॅनिंग पहिल्या व रायन लीफ दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले. पहिल्या हंगामात लीफ यांनी २ टचडाऊन पास व १५ इंटरसेप्शन दिले. मॅनिंग यांचीही २८ इंटरसेप्शन झाली आणि नवोदित खेळाडूच्या दृष्टीने तो नकोसा विक्रम ठरला. इंडियानापोलिस कोल्ट्सने त्या हंगामात १६ पैकी ३ सामने जिंकले. पुढे लीफ यांची कारकीर्द लवकर संपली, तर मॅनिंग यांची गणना सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅकांत होऊ लागली.

निवडीतील चुकलेले अंदाज

ड्राफ्टपूर्वी महाविद्यालयीन खेळाडूंची उंची, वजन, धावण्याचा वेग व फेकण्याची ताकद तपासली जाते. दीर्घकाळ त्यांना वंडरलिक ही लेखी चाचणीही द्यावी लागे. तीत १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असत. २०२२ मध्ये ही चाचणी वगळण्यात आली.

एवढी तपासणी होऊनही अंदाज चुकतात. मिशिगन विद्यापीठाचे टॉम ब्रेडी २००० मध्ये सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडले गेले. त्यांच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. ब्रेडी यांनी सात सुपर बोल जिंकले. कर्ट वॉर्नर यांची कोणत्याच संघाने निवड केली नव्हती आणि काही काळ ते किराणा दुकानात कामाला होते. १९९९ च्या हंगामात ते सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले व त्यांच्या सेंट लुईस रॅम्स संघाने सुपर बोल जिंकला. आयोवा स्टेट विद्यापीठाचे ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२व्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर निवडले गेले. २०२३ च्या हंगामात त्यांचे पासर रेटिंग लीगमध्ये सर्वाधिक, ११३.० होते. त्या आकड्याने वाद मात्र मिटला नाही. सान फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे कुशल रिसीव्हर व प्रशिक्षकाची योजना यांचे श्रेय पर्डी यांना मिळते आहे काय, हा प्रश्न हंगामभर चर्चिला गेला.

पूर्वग्रह आणि कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक

मूल्यमापनातील सर्वांत गंभीर दोष आकड्यांच्या अपुरेपणातून आलेला नव्हता. क्वार्टरबॅकला बुद्धी व नेतृत्वगुण लागतात आणि ते कृष्णवर्णीय खेळाडूंत नसतात, असा समज अमेरिकेत अनेक दशके प्रचलित होता. महाविद्यालयात क्वार्टरबॅक म्हणून यशस्वी झालेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना व्यावसायिक संघांत रिसीव्हर किंवा बचावपटू केले जाई. मार्लिन ब्रिस्को यांनी १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाकडून क्वार्टरबॅक म्हणून सामने खेळले. आधुनिक काळात या स्थानावरून सामन्याची सुरुवात करणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. पुढच्याच वर्षी बफेलो बिल्स संघात त्यांना रिसीव्हर व्हावे लागले.

वॉरन मून यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाला जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोल सामना जिंकून दिला व ते त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्यांची निवड झाली नाही. ते कॅनडात गेले आणि एडमंटन संघाने त्यांच्या काळात १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे ग्रे कप जिंकला. १९८४ मध्ये ह्यूस्टन ऑइलर्सने त्यांना एनएफएलमध्ये आणले. २००६ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टन संघाचे डग विल्यम्स यांनी सुपर बोलच्या एकाच, दुसऱ्या, सत्रात चार टचडाऊन पास फेकले. त्यांचा संघ ४२–१० असा जिंकला. सुपर बोल जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होत.

हा समज एकाएकी नाहीसा झाला नाही. लुइव्हिल विद्यापीठाचे लमार जॅक्सन यांनी २०१६ मध्ये हाइझमन करंडक मिळवला होता. तरीही २०१८ च्या ड्राफ्टपूर्वी त्यांनी रिसीव्हर व्हावे असे जाणकार म्हणवणाऱ्यांनी सुचवले. पहिल्या फेरीतील अखेरच्या, म्हणजे ३२व्या क्रमांकावर बॉल्टिमोर रेव्हन्सने त्यांना निवडले. २०१९ मध्ये ते एकमताने लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले आणि २०२३ मध्ये त्यांना तो मान पुन्हा मिळाला. फेब्रुवारी २०२३ मधील सुपर बोलमध्ये पॅट्रिक माहोम्स व जेलन हर्ट्स हे दोन कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक प्रथमच समोरासमोर आले.

फ्लोरिडा स्टेट संघाचे प्रकरण (२०२३)

एका क्वार्टरबॅकच्या मूल्यमापनावर संपूर्ण संघाचे भवितव्य कसे ठरते, हे २०२३ च्या महाविद्यालयीन हंगामात दिसले. २०१४ च्या हंगामापासून राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी चार संघांची बाद फेरी होत असे आणि ते संघ १३ सदस्यांची निवड समिती ठरवत असे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ त्या वर्षी अपराजित होता. मात्र नोव्हेंबरमध्ये त्याचे क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. राखीव खेळाडूंच्या बळावर संघाने उरलेले सामने जिंकले व आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवून १३ पैकी १३ सामने जिंकण्याची कामगिरी पूर्ण केली.

३ डिसेंबर २०२३ रोजी समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास व अलाबामा या संघांची निवड केली. टेक्सास व अलाबामा यांचा प्रत्येकी एक पराभव झालेला होता. फ्लोरिडा स्टेटला पाचवे स्थान मिळाले. ट्रॅव्हिस यांच्यावाचून हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे समितीचे म्हणणे होते. प्रमुख खेळाडूंच्या उपलब्धतेचा विचार करण्याची तरतूद तिच्या नियमांत होती. मोठ्या विभागाचा अपराजित विजेता संघ चार संघांच्या बाद फेरीतून वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

या निर्णयावर तीव्र मतभेद झाले. मैदानात मिळवलेले विजय निर्णायक मानावेत, की पुढील सामन्यात संघ कसा खेळेल याचा अंदाज निर्णायक मानावा, हा वादाचा मुद्दा होता. पुढे ऑरेंज बोल सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३–३ असा पराभव केला. परंतु त्या सामन्यातून फ्लोरिडा स्टेटच्या अनेक खेळाडूंनी माघार घेतली होती. त्यामुळे त्या निकालावरून समितीचा निर्णय बरोबर होता की चूक, हे सिद्ध होत नाही. आधीच ठरल्याप्रमाणे २०२४ च्या हंगामापासून बाद फेरीत १२ संघांना प्रवेश मिळू लागला.

आकड्यांचा अर्थ लावताना

क्वार्टरबॅकविषयीचा कोणताही आकडा वाचताना पुढील गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते : तो कोणत्या सूत्राने काढला आहे, त्यात सॅक व धावणे यांचा समावेश आहे की नाही, तो किती पासांवर आधारलेला आहे, प्रतिस्पर्धी संघांची बचाव फळी कितपत समर्थ होती, आणि तो कोणत्या काळातील आहे. व्यावसायिक व महाविद्यालयीन रेटिंगची परस्परांशी तुलना करता येत नाही. साप्ताहिक आकड्यापेक्षा हंगामाचा, आणि एका हंगामापेक्षा अनेक हंगामांचा आकडा अधिक विश्वसनीय असतो.

सूत्रांमुळे निरीक्षकाच्या मताला पडताळणीची जोड मिळाली. मात्र मून किंवा ब्रिस्को यांच्यासारख्यांना खेळण्याची संधीच नाकारली गेली, तेव्हा ज्यांवरून त्यांची योग्यता दिसली असती ते पास फेकलेच गेले नाहीत. अशा खेळाडूंबाबत कोणत्याही काळातील आकडेवारी अपुरीच राहते.